गोळ्या संपत होत्या, पोटात जात नव्हत्या: ‘व्हॉइस’ चाचणीचं प्रकरण

४ मार्च २०१३ रोजी अटलांटा इथल्या एचआयव्ही संशोधकांच्या परिषदेत ‘व्हॉइस’ चाचणीचा निकाल जाहीर झाला. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि युगांडा या तीन देशांतल्या १५ केंद्रांवर ५,०२९ स्त्रिया त्यात सहभागी होत्या. चाचणी सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली होती आणि पैसा प्रामुख्याने अमेरिकी सरकारचा होता. निरोगी स्त्रीने रोज औषध घेतलं तर तिची एचआयव्हीची लागण टळते का, एवढंच पाहायचं होतं. तीन औषधी पर्याय तपासले, दोन गोळ्या आणि एक योनीत लावायचं जेल, आणि तिघांपैकी एकानेही लागण रोखल्याचं दिसलं नाही.

निकाल निराशाजनक होताच. पण त्याच अहवालात शेजारीशेजारी छापलेले चार आकडे मला त्याहून महत्त्वाचे वाटतात. औषध नियमित घेते, असं समोरासमोरच्या मुलाखतीत सांगितलेलं प्रमाण ९० टक्के. तोच प्रश्न संगणकावर, समोर माणूस नसताना विचारला तर ८८ टक्के. परत आणलेल्या गोळ्या आणि जेलच्या नळ्या मोजून काढलेला अंदाज ८६ टक्के. आणि रक्त तपासलं तेव्हा औषध सापडलं ते २५ ते ३० टक्के नमुन्यांत.

पहिले तीन आकडे एकमेकांना दुजोरा देत होते. तीन वेगवेगळ्या पद्धती जवळपास एकच सांगतायत म्हटल्यावर कुणीही विश्वास ठेवला असता, आणि ठेवलाही गेला. रक्ताने तिघांनाही खोटं पाडलं.

चाचणीची गरज का पडली

दक्षिण आफ्रिकेत तरुण मुलींना एचआयव्हीची लागण त्यांच्या वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी लवकर आणि जास्त प्रमाणात होते. जोडीदार बऱ्याचदा वयाने मोठा असतो, कामासाठी दूर राहतो, त्याचे इतर संबंध असू शकतात आणि निरोध वापरायचा की नाही हे तोच ठरवतो. ‘निरोध वापरा’ हा सल्ला त्या मुलीच्या हातात काहीच देत नाही. म्हणून स्त्रीला स्वतःहून, जोडीदाराला विचारावं न लागता वापरता येईल असं काहीतरी शोधण्याचा खटाटोप १९९० च्या दशकापासून चालू होता.

जुलै २०१० मध्ये पहिल्यांदा आशेचा किरण दिसला. दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन शहर आणि त्याच प्रांतातला व्हुलिन्डलेला हा ग्रामीण भाग इथे कराइशा आणि सलीम अब्दुल करीम या दांपत्याच्या नेतृत्वाखाली ८८९ स्त्रियांवर ‘कॅप्रिसा ००४’ ही चाचणी झाली. संबंधाआधी आणि नंतर टेनोफोव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधाचं जेल योनीत लावायचं, अशी पद्धत होती. लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली. व्हिएन्नाच्या परिषदेत हा निकाल सांगितला गेला तेव्हा ‘व्हॉइस’ सुरूच होती, आणि आता तिच्याकडून अपेक्षा आणखी वाढल्या.

‘व्हॉइस’ची धुरा झिंबाब्वे विद्यापीठाचे झ्वावाहेरा माइक चिरेंजे आणि अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जीन मराझो यांच्याकडे होती. १८ ते ४५ वयाच्या स्त्रियांचे पाच गट पाडले. एकाला टेनोफोव्हिरची गोळी, दुसऱ्याला ट्रुव्हाडा म्हणजे टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन यांची जोडगोळी, तिसऱ्याला औषध नसलेल्या पण हुबेहूब दिसणाऱ्या गोळ्या, चौथ्याला टेनोफोव्हिरचं जेल, पाचव्याला बिनऔषधी जेल. सगळ्यांनी रोज वापरायचं, संबंध असो वा नसो. आपल्याला काय मिळतंय हे ना त्या स्त्रीला ठाऊक, ना केंद्रावरच्या नर्सला. गोळ्यांच्या गटातल्या प्रत्येकीला रोज दोन गोळ्या घ्याव्या लागत, कारण दोन वेगळ्या दिसणाऱ्या औषधांची तुलना होती आणि कुणालाच सुगावा लागू द्यायचा नव्हता.

५,०२९ पैकी ४,०७७ स्त्रिया दक्षिण आफ्रिकेतल्या. बरीच केंद्रं डर्बनच्या आसपास होती: व्हेरुलम, टोंगाट, इसिपिंगो, चॅट्सवर्थ, उमकोमास. (गिरमिटियांचा इतिहास वाचलेल्यांना ही नावं ओळखीची वाटतील, उसाच्या मळ्यांसाठी नेलेल्या भारतीयांच्या वस्त्या याच पट्ट्यात. चाचणीतल्या बहुतेक स्त्रिया मात्र कृष्णवर्णीय आफ्रिकी होत्या.) चारपैकी तिघींहून जास्त अविवाहित, आणि निम्म्याअधिक पंचविशीच्या आतबाहेरच्या.

दर महिन्याला केंद्रावर यायचं. एचआयव्ही आणि गरोदरपणाची तपासणी, समुपदेशन, निरोध, गर्भनिरोधक, गुप्तरोगांवर उपचार आणि पुढच्या महिन्याचं औषध. दर तीन महिन्यांनी रक्त घेऊन त्यातला द्रव गोठवून ठेवायचा. या गोठवलेल्या नळ्यांमध्येच सगळं उत्तर होतं, आणि चाचणी संपेपर्यंत त्या कुणी उघडणार नव्हतं.

कुठेतरी पाणी मुरतंय

एप्रिल २०११ मध्ये पहिली ठेच लागली, पण ती शेजारच्या चाचणीला. केनिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेत २,१२० स्त्रियांवर चाललेली ‘फेम-प्रेप’ थांबवण्यात आली, कारण ट्रुव्हाडा आणि बिनऔषधी गोळी यांच्या गटांत लागणीचे आकडे जवळजवळ सारखे निघाले. तीनच महिन्यांनी, जुलैत, केनिया आणि युगांडातल्या ‘पार्टनर्स प्रेप’चा निकाल आला तो पूर्ण उलटा. तिथे एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशी ४,७५८ जोडपी होती. टेनोफोव्हिरने लागण ६७ टक्क्यांनी आणि ट्रुव्हाडाने ७५ टक्क्यांनी घटली. म्हणजे तीच गोळी, तोच विषाणू, आणि निकालात जमीन-अस्मानाचा फरक.

सप्टेंबर २०११ मध्ये ‘व्हॉइस’वर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने टेनोफोव्हिरची गोळी बंद करायला सांगितलं. सुरक्षेचा धोका नव्हता; ही गोळी परिणामकारक ठरेल अशी शक्यताच उरली नव्हती. नोव्हेंबरमध्ये जेलही त्याच कारणाने थांबलं. ट्रुव्हाडाचा गट ऑगस्ट २०१२ पर्यंत चालला.

या काळात तर्कांना ऊत आला. योनीतल्या पेशींपर्यंत गोळीतलं औषध पुरेसं पोचत नसेल का? रोज लावलेल्या जेलने उलट काही बिघडत असेल का? हे प्रश्न वायफळ नव्हते. टेनोफोव्हिर योनीच्या पेशींत गुदाशयापेक्षा कमी साठतं, त्यामुळे स्त्रियांना डोस चुकवून चालत नाही, हे खरंच आहे. पण या चर्चेत एक गोष्ट पुन्हापुन्हा गृहीत धरली जात होती: औषध पोटात जातंय.

ते गृहीत धरायला कारणही भक्कम होतं. ठरलेल्या भेटींना हजर राहणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ९१ टक्के. ज्या वस्त्यांमधून कामाच्या शोधात माणसं सतत इकडून तिकडे जातात, तिथे महिनोन्‌महिने एवढी हजेरी टिकवणं हे केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांचं मोठंच यश. इतक्या इमाने येणारी बाई घरी गोळी घेत नसेल, असं कुणाच्या मनात का यावं?

नळ्या उघडल्यावर

चाचणीत ३१२ स्त्रियांना नव्याने लागण झाली, म्हणजे वर्षाला शंभरामागे ५.७. हे प्रमाण आधी धरून चाललेल्यापेक्षा बरंच जास्त होतं. पंचविशीच्या आतल्या अविवाहित मुलींमध्ये ते ८.८, तर वयाने मोठ्या, विवाहित स्त्रियांमध्ये ०.८. धोका कुणाला होता हे यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

आणि औषध कुणाच्या रक्तात होतं? बरोबर उलट. ट्रुव्हाडाच्या गटात वयाने मोठ्या विवाहित स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांच्या रक्तात ते सापडलं. तरुण अविवाहित मुलींमध्ये २१ टक्के. तिन्ही औषधी गटांत निम्म्या किंवा त्याहून जास्त स्त्रियांच्या एकाही नमुन्यात, म्हणजे पूर्ण चाचणीत एकदाही, टेनोफोव्हिरचा मागमूस नव्हता.

ही तपासणी काय पकडते ते समजून घ्यायला हवं. गोळीतलं टेनोफोव्हिर रक्तद्रवात काही दिवस टिकतं. एखादीने महिनाभर गोळीला हात लावला नाही आणि भेटीच्या आदल्या दिवशी दोन गिळल्या, तरी नमुन्यात औषध सापडणारच. त्यामुळे ३० टक्के हा आकडा रोज घेणाऱ्यांचा मुळीच नाही. रोज घेणाऱ्या त्याहून कमी असणार. जेलची गोष्ट थोडी वेगळी. ते रक्तात फारसं उतरतच नाही, म्हणून तिथला २५ टक्क्यांचा आकडा जरा सावधपणे वाचावा.

एक आकडा तेव्हा बराच गैरसमज पसरवून गेला. टेनोफोव्हिर गोळीची परिणामकारकता ‘उणे ४९ टक्के’ अशी छापली गेली. वाचणाऱ्याला वाटावं की गोळीने लागण वाढली. पण या आकड्याभोवतीची अनिश्चितता इतकी रुंद होती की तो योगायोगाने येऊ शकतो, आणि बहुतेकींनी न घेतलेली गोळी लागण वाढवेल तरी कशी? ट्रुव्हाडाचा आकडा उणे ४.४ आणि जेलचा अधिक १४.५ होता, तिन्हींचा अर्थ एकच, फरक दिसला नाही.

मग त्यांनी गोळ्यांचं केलं काय, आणि का

चाचणीला जोडून समाजशास्त्रीय अभ्यासही चालले होते, ही या प्रकरणातली सुदैवाची गोष्ट. जोहान्सबर्गच्या केंद्रावर एरियन व्हॅन डर स्ट्राटेन आणि सहकाऱ्यांनी ‘व्हॉइस-सी’मध्ये स्त्रियांशी आणि काहींच्या जोडीदारांशी सविस्तर बोलून घेतलं. पुढे ‘व्हॉइस-डी’मध्ये निकाल लागल्यानंतर तीनही देशांतल्या काही स्त्रियांना त्यांच्याच रक्ताचे अहवाल समोर ठेवून विचारलं गेलं. काहींना आधी पटलंच नाही. बऱ्याचजणी मग मोकळेपणाने बोलल्या.

पहिलं कारण गोळीच्या रंगरूपातच होतं. २०१० पासून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी दवाखान्यांत एचआयव्हीच्या नव्या रुग्णांना पहिल्या फळीच्या उपचारात टेनोफोव्हिर मिळू लागलं होतं. वस्तीत घरोघर कुणीतरी ते घेत होतं. निरोगी मुलीच्या उशाशी तीच डबी सापडली तर सासू, बहीण, शेजारीण, जोडीदार काय समजणार? ‘मला काही झालेलं नाही, मी संशोधनात आहे’ हे कुणाकुणाला पटवत बसायचं? त्यापेक्षा डबी लपवलेली बरी, आणि लपवलेली डबी रोज ठरल्या वेळी उघडता येत नाही.

दुसरं, ही औषधं आजाऱ्यांची. धडधाकट शरीरात ती काय करतील याची भीती. पहिल्या आठवड्यातल्या मळमळीने ती पक्की होई. त्यातच सगळ्यांना प्रामाणिकपणे सांगितलेलं होतं की पाचपैकी दोन गटांना औषधच नाही आणि उरलेल्यांचा उपयोग होतो की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. संमतीपत्रात हे लिहिणं बंधनकारकच. पण वाचणारी मनात म्हणणार, मग मी तरी त्रास का काढू?

तिसरी जागा म्हणजे केंद्राची प्रतीक्षाखोली. समुपदेशक आत सांगायची ते एक, आणि बाहेर बाकावर बसून बायका एकमेकींना सांगायच्या ते दुसरं. कुणाला काय त्रास झाला, कोण घेत नाही, न घेऊनही कुणाला काही बोललं जात नाही. घेत नाही म्हणणाऱ्या चारजणी भेटल्या की पाचवीला आपण एकटीच घेतोय असं वाटायला लागतं. या सगळ्याचा आत ताकास तूर लागू दिला जात नव्हता. उरलेल्या गोळ्या भेटीआधी टाकून दिल्या की हिशेब जुळायचा.

आणि चौथं, जे ‘फेम-प्रेप’मध्येही दिसलं होतं: अनेकींना आपल्याला धोका आहे असं वाटतच नव्हतं. ‘पार्टनर्स प्रेप’मधल्या जोडप्यांत धोका घरातच, नावानिशी माहीत होता, गोळी ही दोघांची गोष्ट होती आणि आठवण करून देणाराही घरातच होता. ‘व्हॉइस’मधल्या मुलीला तीच गोळी त्याच माणसापासून लपवावी लागे.

मग खोटं का सांगितलं? यावर ‘त्या पैशासाठी येत होत्या’ असं म्हणून हात झटकणारे तेव्हाही होते. प्रवासखर्च मिळायचा हे खरं. पण स्त्रियांनी सांगितलेलं त्याहून साधं होतं. तिथे दर महिन्याला एचआयव्हीची तपासणी व्हायची, नीट वागवणारे कर्मचारी होते, रांगेत तासन्‌तास ताटकळावं न लागता उपचार मिळायचे. खरं सांगितलं तर आपल्याला काढून टाकतील ही भीती होती. शिवाय भीड. जी नर्स नावाने हाक मारते, घरचं विचारते, तिच्या तोंडावर ‘तुम्ही दिलेलं मी कचऱ्यात टाकते’ म्हणायचं कसं?

माझ्या मते चूक इथेच आहे, आणि ती बायकांची नाही. औषध देणारी, मोजणारी आणि विचारणारी व्यक्ती एकच होती. प्रत्येक भेटीत ‘किती चुकल्या?’ हा प्रश्न आला की अपेक्षित उत्तर काय हे दोघींनाही माहीत असायचं. नियमितपणा वाढावा म्हणून समुपदेशन जितकं जोरात, तितकं खरं सांगणं महाग. संगणकावरही ८८ टक्के आले यात म्हणूनच नवल नाही; संगणक त्याच केंद्रातला होता.

रक्ताचे नमुने वेळीच का तपासले नाहीत, हा प्रश्न कुणीही विचारेल. अडचण अशी की औषध सापडलं म्हणजे ती स्त्री औषधी गटात आहे हे उघड होतं, आणि गटांची गुप्तता हाच तर अशा चाचणीचा कणा. तरी तोडगा अशक्य नव्हता: केंद्राबाहेरच्या प्रयोगशाळेने तपासायचं आणि कर्मचाऱ्यांना नाव न कळवता एकूण चित्र वरच्या पातळीवर पाहायचं. पुढे मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेत २,६२९ स्त्रियांवर ‘अस्पायर’ ही चाचणी झाली, डापिव्हिरिन हे औषध सोडणाऱ्या, योनीत बसवायच्या रिंगची, त्यात चाचणी चालू असतानाच औषधाच्या पातळीवर लक्ष ठेवलं गेलं. २०१६ मध्ये तिचा निकाल आला: लागण २७ टक्क्यांनी कमी. तिथेही २१ वर्षांपर्यंतच्या मुलींना फायदा दिसला नाही.

जेलचं मात्र भवितव्य २०१५ मध्येच ठरलं. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘फॅक्ट्स ००१’ चाचणीत २,०५९ तरुणींना कॅप्रिसाच्या पद्धतीनेच जेल दिलं, आणि उपयोग दिसला नाही. या जेलचा पुण्याशीही संबंध आहे. त्याच्या सुरुवातीच्या सुरक्षा-चाचण्यांपैकी एक, २०० स्त्रियांची, अमेरिकेतल्या केंद्रांबरोबर पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत झाली होती. तिथे औषध सुरक्षित ठरलं होतं आणि ते शेवटपर्यंत सुरक्षितच राहिलं. अडलं ते घरी वापरण्यापाशी.

औषध दवाखान्यातच द्या

‘व्हॉइस’नंतर संशोधनाचा रोख बदलला. रोज आठवण ठेवावी लागणार नाही आणि घरात लपवावं लागणार नाही असं औषध हवं होतं. दर दोन महिन्यांच्या कॅबोटेग्रॅव्हिर इंजेक्शनची चाचणी आफ्रिकेतल्या सात देशांत ३,२२४ स्त्रियांवर झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ते ट्रुव्हाडापेक्षा स्पष्टपणे सरस ठरलं.

जून २०२४ मध्ये ‘पर्पज १’ चे अंतरिम आकडे आले. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या १६ ते २५ वयाच्या मुली, म्हणजे ‘व्हॉइस’ने ज्यांच्यापाशी हात टेकले तोच गट. वर्षातून दोनदा लेनाकापाव्हिरचं इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. ट्रुव्हाडाची रोजची गोळी दिलेल्या १,०६८ पैकी १६ जणींना आणि डेस्कोव्ही या तिच्या नव्या आवृत्तीच्या २,१३६ पैकी ३९ जणींना झाली. शून्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. ‘व्हॉइस’ माहीत असणाऱ्याची नजर मात्र ३९ वर आधी जाते. कारण यावेळी रक्त आधीपासून तपासलं जात होतं, यादृच्छिक निवडलेल्या दहा टक्के मुलींचं, आणि बहुतेकींच्या रक्तात गोळीचं प्रमाण नगण्य निघालं. दहा-बारा वर्षांत समुपदेशनाचे कितीतरी प्रकार करून झाले, तरी गोळीची घरातली गत तीच.

इंजेक्शनसाठी वेळेवर परत येणाऱ्या मुलींचं प्रमाण सहाव्या महिन्याला ९१.५ टक्के होतं. ‘व्हॉइस’ची हजेरीही ९१ टक्केच होती. बायका तेव्हाही येतच होत्या.

आता प्रश्न किमतीचा आणि पुरवठ्याचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मूळ कंपनी गिलियडने १२० देशांसाठी जेनेरिक उत्पादनाचे परवाने सहा कंपन्यांना दिले. त्यात पुण्याची एमक्युअर आहे, हैदराबादच्या हेटेरो आणि डॉ. रेड्डीज आहेत. ही लस नव्हे, पण लशीसारखीच वाट पाहिली जाणारी ही सुई वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याचे या हैदराबादी कंपन्यांचे करार सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. व्हेरुलम किंवा झिंबाब्वेतल्या चिटुंगविझाच्या मुलीला ती मिळेल तेव्हा तिला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणारं, तिचं नाव ठाऊक असलेलं, रांगेत ताटकळत न ठेवणारं केंद्र तिथे असावं लागेल. चाचणीच्या काळात तसं केंद्र होतं, कारण त्याचा पगार चाचणी देत होती.